मंद अव्यवस्था

एखाद्या गतिकीय प्रणालीत अगदी निकटच्या दोन अवस्थांमधील अंतर काळानुसार वाढत जाते, परंतु ही वाढ घातांकीय श्रेणीने न होता काळाच्या एखाद्या ठरावीक घाताच्या प्रमाणात किंवा त्याहूनही सावकाश होते, तेव्हा त्या प्रणालीच्या वर्तनास मंद अव्यवस्था असे म्हणतात. गतिकीय प्रणाली म्हणजे शक्य अवस्थांचा एक संच आणि आताच्या अवस्थेवरून पुढील अवस्था निश्चित करणारा एक नियम. या नियमात यदृच्छेला कोठेही वाव नसतो. असे असूनही प्रणालीचे दीर्घकालीन वर्तन यदृच्छ भासते व त्याचे भाकीत करणे अशक्यप्राय होते, या गोष्टीला अव्यवस्था ही संज्ञा आहे. ‘केऑस’ या इंग्रजी नावानेही ती मराठीत परिचित आहे.

अव्यवस्थेच्या अभ्यासाचा प्रारंभ आंरी प्वँकारे (१८५४–१९१२) यांच्या त्रिपिंड समस्येवरील १८९० सालच्या निबंधापासून झाला, असे सामान्यतः मानतात. झाक आदामार यांनी १८९८ मध्ये ऋण वक्रतेच्या पृष्ठांवरील लघुतम मार्गांचे विवेचन केले आणि एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये वातावरणातील अभिसरणाची तीन समीकरणे मांडल्यानंतर हा विषय कालांतराने गणिताबाहेरही पोहोचला. या सर्व उदाहरणांत निकटच्या अवस्थांमधील अंतर घातांकीय श्रेणीने वाढते. त्यामुळे घातांकीय वाढ असेल तर अव्यवस्था आणि नसेल तर सुव्यवस्था, अशी द्विभागणी अनेक पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. ती सोयीची असली, तरी तिच्यामुळे एक मोठा व अतिशय रोचक प्रदेश दृष्टीआड राहतो.

शांकवांच्या नावांवरून प्रणालींचे तीन प्रकार मानण्याची प्रथा आहे. ज्यांत अंतर वाढतच नाही अशा विवृत्तीय प्रणाली (एकसमान गतीने फिरणारे चाक हे त्यांचे सर्वांत साधे उदाहरण), ज्यांत अंतर घातांकीय श्रेणीने वाढते अशा अपास्तीय प्रणाली आणि या दोहोंमधील अन्वस्तीय प्रणाली. मंद अव्यवस्था ही या तिसऱ्या प्रकारात आढळते. शीघ्र व मंद वाढीतील तफावत आकड्यांवरून स्पष्ट होईल. प्रारंभीची अवस्था मोजताना एका एककाच्या दहा लक्षांश इतकी त्रुटी राहिली आहे, असे समजू. दर पायरीला त्रुटी दुप्पट होत असेल, तर २० पायऱ्यांत ती १०,४८,५७६ पट होते, म्हणजे एका एककाहून मोठी होते व भाकितात काही अर्थ उरत नाही. त्रुटी पायऱ्यांच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढत असेल, तर हीच स्थिती येण्यास १,००० पायऱ्या लागतात आणि ती संख्येच्याच प्रमाणात वाढत असेल, तर १० लक्ष पायऱ्या लागतात. मापनाचे उपकरण सुधारून अचूकता दसपट केली, तर पहिल्या प्रकारात भाकिताची मुदत जेमतेम ३ ते ४ पायऱ्यांनी वाढते, दुसऱ्यात ती तिपटीहून थोडी अधिक होते आणि तिसऱ्यात दसपट होते. अचूकतेसाठी केलेले श्रम शीघ्र अव्यवस्थेत जवळजवळ वाया जातात, मंद अव्यवस्थेत ते फळाला येतात.

अव्यवस्था मोजण्याची दोन प्रचलित साधने म्हणजे लिआपुनोव्ह घातांक आणि एंट्रॉपी ही होत. पहिले साधन अंतराच्या घातांकीय वाढीचा वेग सांगते, तर दुसरे एकमेकांपासून वेगळे ओळखता येणाऱ्या मार्गांची संख्या किती वेगाने वाढते ते सांगते. मंद अव्यवस्थेत ही दोन्ही मूल्ये शून्य येतात. फिरत्या चाकाच्या बाबतीतही ती शून्यच येतात. त्यामुळे या दोहोंमधील भेद दाखविण्यास ही साधने निरुपयोगी ठरतात आणि अधिक सूक्ष्म कसोट्या लावाव्या लागतात.

येथे ‘मंद’ या शब्दाने होणारा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. झाक लास्कार यांनी १९८९ मध्ये केलेल्या गणनेनुसार सूर्यकुलातील आतील ग्रहांच्या गतीत अव्यवस्था असून तीत त्रुटी सु. ५० लक्ष वर्षांत २·७ पट होते. मानवी दृष्टीने ही गती फारच संथ आहे. परंतु वाढ घातांकीय असल्यामुळे ही शीघ्र अव्यवस्थाच होय, केवळ तिचे घड्याळ सावकाश चालते. मंद अव्यवस्थेतील मंदपणा घड्याळावर अवलंबून नसतो, तो वाढीच्या प्रकारातच असतो.

कर्तन : शीघ्र अव्यवस्थेचे मूळ ताणणे व दुमडणे या क्रियांत असते. मंद अव्यवस्थेचे मूळ कर्तनात असते. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून वरून तळहाताने हलकेच सरकविला, तर प्रत्येक पत्ता आपल्या खालच्या पत्त्याच्या मानाने थोडासा पुढे जातो. कोणताही पत्ता ताणला जात नाही, तरी जोडाची उभी बाजू तिरपी व लांब होत जाते. यालाच कर्तन म्हणतात. याचे सर्वांत साधे गणितीय उदाहरण दोन तबकड्यांवरील दोन काट्यांचे देता येईल. पहिला काटा दर पायरीला एका फेऱ्याच्या ठरावीक अंशाने पुढे सरकतो. दुसरा काटा मात्र त्या वेळी पहिला काटा शून्यापासून जितका दूर असेल तितका पुढे सरकतो. पहिल्या काट्याच्या प्रारंभीच्या स्थानात राहिलेली त्रुटी कधीच वाढत नाही, पण दर पायरीला ती दुसऱ्या काट्याच्या स्थानात एकेकदा मिळविली जाते. म्हणून १,००० पायऱ्यांनंतर दुसऱ्या काट्याची त्रुटी हजारपट झालेली असते. तो ठरावीक अंश अपरिमेय संख्या असेल, तर दुसरा काटा कालांतराने तबकडीच्या प्रत्येक भागात त्या भागाच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घालवितो. हे समवितरण हेर्मान व्हाइल (१८८५–१९५५) यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयावरून निष्पन्न होते.

होरोसायकल प्रवाह : ऋण वक्रतेच्या प्रतलात एका स्थिर बिंदूतून जाणारे वर्तुळ घेऊन त्याचे केंद्र दूर दूर नेत अनंतापर्यंत नेले, तर वर्तुळाची सीमा म्हणून जो वक्र मिळतो त्यास होरोसायकल म्हणतात. सपाट प्रतलात या कृतीने सरळ रेषा मिळाली असती. ऋण वक्रतेच्या प्रतलात मिळणारा वक्र सरळही नसतो व बंदही होत नाही. अशा वक्रांवरून एकसमान गतीने जाणे, हा होरोसायकल प्रवाह होय. एकाच पृष्ठावर लघुतम मार्गांवरून जाणारा प्रवाह शीघ्र अव्यवस्थेचा नमुना आहे, तर होरोसायकल प्रवाह मंद अव्यवस्थेचा. येथे अंतर फार तर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्यातही सर्वांत त्वरेने वाढ होते ती प्रवाहाच्याच दिशेने. दोन प्रवासी जवळजवळ एकाच वाटेने जात असतात, पण एक दुसऱ्याच्या पुढे निघून जातो, असे याचे वर्णन करता येईल. असे असूनही हा प्रवाह मिश्रणशील आहे. पाण्यात टाकलेला रंग ढवळल्यावर सर्वत्र सारखा पसरावा, त्याप्रमाणे अवस्थांचा कोणताही लहान समूह कालांतराने संपूर्ण पृष्ठभर एकसारखा विखुरतो. मिश्रणासाठी घातांकीय वाढीची गरज नसते, हे या प्रवाहावरून निर्विवादपणे दिसून येते.

गुस्ताव्ह हेडलंड यांनी १९३६ मध्ये संवृत पृष्ठावरील प्रत्येक होरोसायकल पृष्ठभर दाट पसरलेले असते असे दाखविले. हिलेल फुर्स्टेनबर्ग यांनी १९७३ मध्ये ते समवितरितही असते हे सिद्ध केले. क्षेत्रफळ सांत पण विस्तार अमर्याद असलेल्या पृष्ठांचा प्रश्न अधिक अवघड होता. तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांनी हाती घेतला. १९७८ मधील त्यांच्या निबंधानंतर, १९८४ मध्ये दाणी व जॉन स्मायली यांनी अशा पृष्ठांवरील मार्ग एक तर बंद असतो किंवा समवितरित असतो, असे दाखवून दिले. तिसरा पर्याय उरत नाही.

याच संस्थेतील एम. एस. रघुनाथन यांनी याहून पुष्कळ व्यापक अशी अटकळ केली होती. ती दाणी यांच्या १९८१ सालच्या निबंधात प्रथम छापली गेली. ढोबळपणे सांगावयाचे, तर या जातीच्या कोणत्याही प्रवाहातील मार्ग जेवढा प्रदेश दाट व्यापतो तो नेहमी सुबक आकाराचा, सममितीने ठरणारा असाच असतो, असे तीत म्हटले होते. शीघ्र प्रवाहात अशी अपेक्षाही करता येत नाही, कारण तेथे मार्ग अतिशय विस्कळीत, छिद्रमय संच व्यापू शकतात. म्हणजे मंदपणामुळे येथे एक प्रकारची ताठ शिस्त येते. ही अटकळ मरीना रॅटनर (१९३८–२०१७) यांनी १९९०-९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधमालेत सिद्ध केली. निकटच्या दोन मार्गांमधील सावकाश कर्तनाचे बारकाईने केलेले निरीक्षण हा त्यांच्या सिद्धतेचा गाभा होता.

या अमूर्त वाटणाऱ्या विचारातून संख्यासिद्धांतातील एक जुना प्रश्न सुटला. कोणतेही तीन पूर्णांक (तिन्ही शून्य नसलेले) घ्या. पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज करून तीतून तिसऱ्याच्या वर्गाची √२ पट वजा करा. येणारे उत्तर शून्याच्या हवे तितके जवळ आणता येईल काय? अलेक्झांडर ओपनहाइम यांनी १९२९ मध्ये अशा प्रकारच्या, परंतु पाच किंवा अधिक पूर्णांकांच्या राशींविषयी होकारार्थी अटकळ केली होती. तीन पूर्णांकांपासून पुढे तिची सिद्धता ग्रिगोरी मार्गुलिस यांनी १९८७ मध्ये दिली आणि तीसाठी रघुनाथन यांनी सुचविलेली गतिकीय वाटच अवलंबिली. पुढे १९८९ मध्ये दाणी व मार्गुलिस यांनी या निष्कर्षाचे अधिक बलवान रूप प्रसिद्ध केले. ज्या प्रश्नाच्या विधानात काळाचा किंवा गतीचा मागमूसही नाही, तो मंद प्रवाहाच्या अभ्यासातून सुटावा, ही या विषयातील बहुधा सर्वांत आश्चर्यकारक घटना होय.

बहुभुजाकार बिलियर्ड : घर्षणरहित टेबलावर बिंदुरूप चेंडू सरळ रेषेत जातो आणि कडेवर आपटल्यावर आपाती कोनाइतक्याच कोनात परावर्तित होतो. कड वर्तुळाच्या कंसाप्रमाणे आत फुगलेली असेल, तर शीघ्र अव्यवस्था निर्माण होते. टेबल बहुभुजाकार असेल, तर मात्र सपाट कडेवरून परावर्तित होणारे दोन समांतर मार्ग समांतरच राहतात आणि किंचित कोन करून निघालेल्या मार्गांमधील अंतर केवळ काळाच्या प्रमाणात वाढते. त्यात भर पडते ती कोपऱ्यांची. जवळून येणारे दोन मार्ग एका कोपऱ्याच्या दोन बाजूंना गेले, की त्यांची कायमची फारकत होते.

परावर्तनाच्या वेळी चेंडूऐवजी टेबलच उलटून पुढे मांडले, तर मार्ग सरळ रेषेत पुढे जात राहतो. या युक्तीने चौरस टेबलाच्या चार प्रती जोडल्यावर सायकलच्या फुगविलेल्या ट्यूबसारखे पृष्ठ मिळते आणि त्यावरील गती पूर्णपणे सुव्यवस्थित असते. त्याच टेबलाचा एक कोपरा चौरसाकृती कापून काढला, तर ‘एल’ आकाराचे टेबल तयार होते. आता चार प्रती जोडल्यावर दोन भोके असलेले पृष्ठ मिळते आणि आत शिरलेल्या कोपऱ्याच्या ठिकाणी त्यावर एक असा बिंदू येतो, की त्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास ३६० अंशांऐवजी १,०८० अंश फिरावे लागते. हा एकच बिंदू सुव्यवस्था मोडण्यास पुरेसा होतो.

अशा पृष्ठावर आडवा छेद घेऊन चेंडू त्यावर पुनःपुन्हा कोठे येतो ते पाहिल्यास एक साधी क्रिया मिळते. एका पट्टीचे काही तुकडे करावयाचे आणि ते न उलटता वेगळ्या क्रमाने मांडावयाचे. हीच कृती परत परत करावयाची. पट्टीचे चार तुकडे असतील, तर बिंदू कोणकोणत्या तुकड्यांतून जातो याच्या १०० पायऱ्यांच्या नोंदी जास्तीत जास्त ३०१ प्रकारच्या असू शकतात. याउलट नाणे १०० वेळा उडविल्यास शक्य नोंदींची संख्या ३१ अंकी येते. इतकी तुटपुंजी विविधता असूनही हॉवर्ड मेझर व विल्यम व्हीच यांनी १९८२ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केल्याप्रमाणे जवळजवळ सर्व बाबतींत बिंदू पट्टीभर समवितरित होतो. अनातोल काटोक यांनी १९८० मध्ये अशी क्रिया कधीही मिश्रणशील नसते हे दाखविले होते. मिश्रणाचे एक सौम्य रूप, ज्यास दुर्बल मिश्रण म्हणतात, ते मात्र येथे सर्वसाधारणपणे आढळते, असे आर्तुर आव्हिला व जोव्हानी फोर्नी यांनी २००७ मध्ये सिद्ध केले.

पाउल व तात्याना एरेनफेस्ट यांनी वायूच्या गतिज सिद्धांताच्या चिकित्सेसाठी १९१२ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीत वाऱ्याचा कण चौरसाकृती ‘झाडांवर’ आपटत जातो. ही झाडे नियमित अंतरावर, आयताकृती व परस्परांना समांतर अशी मांडल्यास कण किती दूर जातो, याचे उत्तर व्हिन्सेंट दलक्रुआ, पास्काल युबेर व सामुएल ललिएव्र यांनी २०१४ मध्ये दिले. जवळजवळ सर्व दिशांत त्याने गाठलेले कमाल अंतर ढोबळमानाने काळाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते आणि झाडांची लांबी-रुंदी काहीही असली, तरी हा घात बदलत नाही. सामान्य विसरणात तो निम्मा असतो.

खोगीर बिंदू व मिश्रण : धातूमधील इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय क्षेत्रातील गतीच्या अभ्यासातून सेर्गेई नोव्हिकोव्ह यांनी १९८२ च्या सुमारास पृष्ठांवरील क्षेत्रफळ कायम राखणाऱ्या गुळगुळीत प्रवाहांकडे लक्ष वेधले. या प्रवाहांत काही खोगीर बिंदू असतात. दोन डोंगरांमधील खिंडीप्रमाणे तेथे दोन बाजूंनी प्रवाह येतो व दुसऱ्या दोन बाजूंनी निघून जातो. बिंदूच्या जितक्या जवळून जावे तितका वेळ अधिक लागतो आणि ही वाढ अंतराच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात असते. आता प्रवाहाला आडवा असा एक चिमुकला रेषाखंड घेऊ. त्याचे जे टोक खोगीर बिंदूजवळून जाते ते मागे रेंगाळते, दुसरे पुढे जाते आणि रेषाखंड प्रवाहाच्या दिशेने तिरपा होऊ लागतो. हेच पुन्हा कर्तन. परंतु पुढल्या वेळी तोच रेषाखंड खोगीर बिंदूच्या दुसऱ्या बाजूने गेला, तर उलट दिशेचे कर्तन होऊन आधीचे पुसले जाते. मिश्रण होणार की नाही, हे या जमाखर्चावर ठरते.

व्ह्लादीमीर आर्नोल्ड यांनी १९९१ मध्ये असे निदर्शनास आणले, की प्रवाहात स्वतःभोवती फिरणारे एखादे बेट असेल, तर त्याच्या कडेने जाणारा मार्ग खोगीर बिंदूच्या एका बाजूस दोनदा व दुसऱ्या बाजूस एकदाच येतो. जमाखर्च बरोबरीत सुटत नाही व कर्तन साचत जाते. याकोव्ह सिनाई व कोन्स्तांतिन खानिन यांनी १९९२ मध्ये यावरून मिश्रण सिद्ध केले. बेटे नसलेल्या सममित प्रवाहात मात्र कर्तनाची वजाबाकी होत राहते. तेथे सर्वसाधारणपणे मिश्रण होत नाही, असे कोरिना उल्चिग्राई यांनी २०११ मध्ये दाखविले. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण जॉन चाइका व ॲलेक्स राइट यांनी २०१९ मध्ये पाच भोके असलेल्या पृष्ठावर याला अपवाद असलेला प्रवाह रचून दाखविला.

मंद प्रवाहांच्या अभ्यासाची पद्धतीही उल्लेखनीय आहे. मंद प्रवाहाचा अतिदीर्घ मार्ग थेट तपासणे दुष्कर असते, म्हणून दुसऱ्या एका शीघ्र प्रवाहाचा सूक्ष्मदर्शकासारखा उपयोग करतात. होरोसायकलचा लांबलचक तुकडा लघुतम मार्गांच्या प्रवाहाने पुढे नेल्यास त्याच्या लांबीच्या लॉगरिथमाइतक्याच काळात आकसून एकक लांबीचा होतो. सपाट पृष्ठांच्या बाबतीत हेच काम सर्व पृष्ठांच्या अवकाशातील प्रवाह करतो. ओस्वाल्ड टाइखम्यूलर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रवाह शीघ्र अव्यवस्थेचा आहे. वर आलेला दोन-तृतीयांश हा घात वस्तुतः या शीघ्र प्रवाहाचा लिआपुनोव्ह घातांकच होय. मरियम मिर्झाखानी (१९७७–२०१७) व ॲलेक्स एस्किन यांनी या अवकाशातील मार्गांबाबत, रॅटनर यांच्या प्रमेयाशी साम्य असलेले, जे विस्तृत प्रमेय सिद्ध केले त्याचा उपयोग आता एकेका बिलियर्ड टेबलावरही करता येतो.

हे सर्व ज्या बहुभुजांचे कोन १८० अंशांच्या परिमेय पटीत असतात त्यांच्यापुरते झाले. इतर बहुभुजांत टेबलाच्या प्रती जोडण्याची युक्ती सांत पृष्ठ देत नाही, त्यामुळे त्यांच्याविषयीचे ज्ञान फारच त्रोटक आहे. तेथेही एंट्रॉपी शून्यच असते एवढे निश्चित माहीत आहे. प्रत्येक त्रिकोणी टेबलावर चेंडूचा निदान एक तरी आवर्ती मार्ग असतो काय, हा शाळकरी वाटणारा प्रश्नदेखील अनिर्णित आहे. लघुकोन त्रिकोणात तिन्ही शिरोलंबांचे पाय जोडणारा मार्ग आवर्ती असतो, हे अठराव्या शतकापासून ज्ञात आहे. विशालकोन त्रिकोणांपैकी ज्यांचा सर्वांत मोठा कोन १०० अंशांपेक्षा जास्त नाही त्यांच्यासाठी रिचर्ड श्वार्ट्‌झ यांनी संगणकाच्या साहाय्याने २००९ मध्ये असा मार्ग असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर ही मर्यादा ११२ अंशांच्या थोडी पुढे गेली आहे.